भिंतीवरचा खिळा: पहिलं गाणं लिहिताना

गाणं लिहायचं ठरवलं की माणूस वही घेऊन बसतो. इथेच गडबड होते. वहीत उतरते ती कविता. तिला नंतर चाल लावायला गेलं की तिसऱ्या ओळीला दम लागतो, पाचवी ओळ लांबते, आणि आपण स्वतःला सांगून टाकतो की आपल्याला काही हे जमायचं नाही.

आपल्याकडे गाण्याची सुरुवात वहीतून झालेलीच नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात काम करता करता त्या रचत आणि म्हणत. कागदावर उतरवण्याचं काम मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी केलं. त्या १९५१ साली गेल्या आणि पुस्तक आलं १९५२ साली. जात्यावरच्या ओव्यांचंही तेच. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या गावोगावी फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्या रचणाऱ्या बहुतेक जणींनी त्या कधी लिहिल्याच नव्हत्या. जात्याचा खुंटा ओढला की एक ठेका मिळतो, आणि त्या ठेक्यात जे बसेल तेच तोंडातून निघतं. जे बसत नाही ते आपोआप गळतं. संपादक म्हणून जातं फार कडक असतं.

तर माझं म्हणणं एवढंच आहे: गाणं तोंडाने लिहायचं, हाताने फक्त टिपून घ्यायचं. पुढे जे सांगतोय ते सगळं या एका गोष्टीचीच फोड आहे. नुसतं सांगून हे कळत नाही, म्हणून इथेच एक छोटं गाणं रचून बघू. कागदपेन्सिलीऐवजी मांडीवर थाप मारायला हात मोकळे ठेवा आणि फोनचा रेकॉर्डर चालू करा.

आधी सांगाडा

मराठी भावगीताचा सांगाडा साधा असतो. एक ध्रुवपद, म्हणजे एक किंवा दोन ओळी, ज्या पुन्हा पुन्हा येतात. हिंदीच्या सवयीने आपण त्याला मुखडाही म्हणतो. मग दोन-तीन कडवी, म्हणजे अंतरे. प्रत्येक अंतऱ्याच्या पहिल्या ओळींचं यमक आपापसांत जुळतं, पण शेवटची ओळ वळून ध्रुवपदाचं यमक घेते. ही वळणारी ओळ म्हणजे गाण्यातला जिना. ती नीट जमली की ऐकणाऱ्याला ध्रुवपद येण्याआधीच ते येणार हे कळतं आणि तो आपल्याबरोबर गायला लागतो. नवख्या गाण्यांत हा जिनाच नसतो. अंतरा संपतो, एक खड्डा येतो, आणि पलीकडे ध्रुवपद पुन्हा सुरू होतं.

विषय कुठला घ्यायचा? प्रेम, पाऊस, आई, गाव हे चारही विषय पहिल्या गाण्यासाठी टाळावेत असं माझं मत आहे. विषय वाईट नाहीत, पण त्यांच्यावर इतकं लिहून झालंय की आपल्या तोंडून आपोआप दुसऱ्यांच्या ओळी येतात. त्याऐवजी हातात धरता येईल अशी एखादी वस्तू घ्या. भाड्याची खोली सोडताना सगळं सामान आवरून झाल्यावर भिंतीत एक खिळा राहतो. कॅलेंडर आपण नेतो, खिळा नेत नाही. भाड्याच्या घरात राहिलेल्या कोणालाही हा खिळा माहीत असतो. खोली सोडण्याचं दुःख, नव्या गावाची धास्ती, यातलं काहीही बोलायचं नाही. फक्त खिळ्याबद्दल बोलायचं.

पहिली ओळ मला अशी सुचली:

भिंतीवरती खिळा राहिला
कॅलेंडर मी घेउन गेलो

बोलताना आपण ‘भिंतीवर एक खिळा राहिला’ म्हणू. ‘वरती’ आणि ‘घेउन’ हे कुठून आले? त्यासाठी थोडं मोजायला शिकावं लागेल. घाबरू नका, हे गणित दुसरीतल्या मुलाला येतं.

अक्षरं मोजायची की मात्रा

मराठीत ओळ मोजण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत. अभंगात अक्षरं मोजतात. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चार तुकडे असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळतं. तुकोबांची सगळ्यांना पाठ असलेली ओळ बोटांवर मोजून बघा:

सुंदर तें ध्यान | उभे विटेवरी | कर कटावरी | ठेवोनियां

सहा, सहा, सहा, चार. ‘विटेवरी’ला ‘कटावरी’. आणि शेवटचा तुकडा मुद्दाम आखूड, कारण तिथे गाणाऱ्याला श्वास घ्यायचा असतो आणि टाळकऱ्यांना सूर उचलायचा असतो. अभंगात अक्षर लहान आहे की मोठं याचा हिशेब नसतो, कारण गाताना ते हवं तसं ताणता येतं. गाण्यांच्या पुस्तकांत मध्ये मध्ये ‘ऽ’ दिसतो ना, ती या ताणण्याचीच खूण.

दुसरी पद्धत मात्रांची. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाच्या दोन. ए, ऐ, ओ, औ नेहमी दोन. अनुस्वार असलेलं अक्षर दोनचं. जोडाक्षराच्या आधीचं अक्षरही दोनचं, कारण जोडाक्षर उच्चारताना त्याच्यावर भार येतो: ‘दप्तर’मधला ‘द’ दोन मात्रांचा. यात एक मराठी सवलत आहे. ‘न्ह’, ‘म्ह’ यांचा भार सहसा पडत नाही, म्हणून ‘उन्हाळा’मधला ‘उ’ एकाच मात्रेचा राहतो. शंका आली तर शब्द मोठ्याने म्हणायचा. कान नियमाच्या आधी उत्तर देतो.

आता आपली ओळ. भिं-ती-व-र-ती: दोन, दोन, एक, एक, दोन. आठ. खि-ळा-रा-हि-ला: एक, दोन, दोन, एक, दोन. आठ. दुसऱ्या ओळीत कॅ-लें-ड-र-मी आठ. ‘घेऊन गेलो’ मात्र नऊ होतात, म्हणून ‘घेउन’. ऱ्हस्व-दीर्घाची ही ओढाताण मराठी कवी शतकानुशतकं करत आलेत. शाळेच्या पेपरात याचे गुण कापले जातात, गाण्यात नाही.

आठच का? कारण केरवा हा ताल आठ मात्रांचा आहे: धा गे न ति न क धि न. भावगीतं, भजनं, लोकगीतं, लग्नातली गाणी यांतला केवढा तरी भाग आठ मात्रांवर चालतो. दुसरा सोपा ताल दादरा, सहा मात्रांचा: धा धीं ना, धा तीं ना. तो झुलतो, पाळण्यासारखा. केरव्याला चार-चारचे तुकडे आवडतात, दादऱ्याला तीन-तीनचे. ‘दूर दूर एक गाव’ म्हणून बघा. प्रत्येक शब्द तीन मात्रांचा आहे, त्यामुळे ही ओळ स्वतःच दादऱ्यात जाऊन बसते. हीच ओळ केरव्यात बसवायची तर कुठे तरी ताणावी लागेल. म्हणजे तालाची निवडही पुष्कळदा पहिल्या ओळीनेच केलेली असते. आपण फक्त ती ओळखायची.

मोजणी बरोबर, तरी अडखळतं

आता मांडीवर थाप द्या. पहिल्या मात्रेवर जोरात, पाचवीवर हलकी. तालाच्या भाषेत पहिली म्हणजे सम, पाचवी म्हणजे खाली. त्यावर म्हणा, ‘भिंतीवरती खिळा राहिला’.

पहिला अर्धा भाग छान बसतो: भिंती, वरती, चार आणि चार. दुसऱ्या अर्ध्यात काही तरी खटकतं. ‘खिळा’ तीन मात्रांचा, त्यामुळे ‘रा’ चौथ्या मात्रेवर सुरू होतो आणि पाचवीवरची थाप त्याच्या पोटात पडते. मोजणी चुकलेली नाही, ठेका चुकलाय. कसलेला संगीतकार या लंगडण्यातूनही मजा काढेल. पहिल्या गाण्यात मात्र थाप शब्दाच्या नव्या अक्षरावर पडलेली बरी.

ओळ बदलू:

भिंतीवरती खिळाच उरला

खिळाच, चार. उरला, चार. शिवाय ‘च’मुळे अर्थ घट्ट झाला. आधी खिळा राहिला ही नुसती बातमी होती, आता खिळ्याखेरीज काहीच उरलेलं नाही. असं पुष्कळदा होतं. ठेक्यासाठी शब्द शोधायला जावं आणि जास्त चांगला अर्थ हाती लागावा.

पण एक सापळा आहे. शब्द गाताना एकमेकांना चिकटतात. ‘गाव आठवते’ गायलं की ‘गावाठवते’ होतं. तसं ‘खिळाच उरला’चं ‘खिळा चुरला’ होईल का? मी हे गाऊन रेकॉर्ड केलं आणि दुसऱ्या दिवशी ऐकलं. वाचलो, कारण ‘उ’ बरोबर पाचव्या मात्रेवर येतो आणि तिथे तो नव्याने उच्चारला जातो. थाप जरा इकडेतिकडे असती तर खिळ्याचा चुरा झाला असता. ही गोष्ट वहीत डोळ्यांना कधीच दिसत नाही. रेकॉर्ड करून दुसऱ्या दिवशी ऐका म्हणतो ते यासाठी. त्याच दिवशी ऐकून उपयोग नाही, कारण तेव्हा कान आपल्याच बाजूने असतो.

यमक: मराठीत फार स्वस्त मिळतं

आता अंतरा:

चार उन्हाळे बांधुन झाले
दोनच पोती, मावुन गेले
आणि तरीही टेम्पो भरला
भिंतीवरती खिळाच उरला

मात्रा मोजा. प्रत्येक ओळीत सोळा, म्हणजे केरव्याची दोन आवर्तनं, दोन फेऱ्या. तिसरी ओळ आपला जिना आहे. ‘भरला’ म्हटलं की ‘उरला’ येतं.

मराठीत यमक जुळवणं सोपं आहे आणि तोच घोटाळा आहे. आपली वाक्यं क्रियापदावर संपतात आणि विभक्तीचे प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात. त्यामुळे घरात, दारात, मनात, उन्हात अशी यमकं फुकटात मिळतात. त्यात फक्त ‘आत’ जुळतं, शब्द जुळत नाहीत. ऐकणाऱ्याला दुसऱ्याच ओळीत पुढचा शब्द कळतो आणि त्याचं लक्ष उडतं. प्रत्यय बाजूला काढून उरलेले शब्द जुळतात का हे बघायचं. ‘भरला–उरला’मध्ये ‘ला’च्या आधीचा ‘र’ही जुळतो, म्हणून तो कानाला भरीव लागतो. ‘झाले–गेले’मध्ये नुसता ‘ले’. हे यमक स्वस्तातलं आहे, मला मान्य आहे. ते मी ठेवलं कारण दोन पोत्यांत चार उन्हाळे मावण्याची कल्पना मला सोडवेना. मात्र एका गाण्यात अशी एकच उधारी ठेवावी.

गझलेची शिस्त इथे उपयोगी पडते, गझल लिहायची नसली तरी. तिथे शेवटी तसाच्या तसा पुन्हा येणारा शब्द म्हणजे रदीफ, आणि त्याच्या आधी जुळणारा शब्द म्हणजे काफिया. खरं यमक काफियाचं. सरावासाठी ‘आहे’ हा रदीफ धरून त्याआधी जुळणारे दहा शब्द काढून बघा. पहिले चार सगळ्यांना सुचतात. पुढचे सहा शोधताना आपली भाषा आपल्याला नव्याने भेटते.

चाल

वाद्य येत नाही म्हणून थांबणाऱ्यांची संख्या मोठी आहे. थांबू नका. ओळ बोलताना आवाज आधीच वर-खाली होत असतो. ‘आलास का?’मध्ये शेवट वर जातो, ‘आला एकदाचा’मध्ये खाली येतो. ती चढउतार थोडी मोठी केली की चालीचा कच्चा खडा मिळतो. तो घासायला पाच स्वर पुरतात: सा, रे, ग, प, ध. हे भूप रागाचं पंचक. म आणि नी नसल्यामुळे जवळजवळचे, टोचणारे स्वर शेजारी येत नाहीत आणि इकडून तिकडे कसंही गेलं तरी सहसा बेसूर वाटत नाही. गिटार असेल तर सी, एफ, जी आणि ए मायनर एवढ्या कॉर्डवर हे पाच स्वर सुखाने राहतात.

ध्रुवपद खालच्या, बोलण्याच्या पट्टीत ठेवा आणि अंतऱ्यात वरच्या ‘सा’कडे जा. शास्त्रीय संगीतातल्या बंदिशीत स्थायी आणि अंतरा यांचं नातं असंच असतं: स्थायी घरात, अंतरा बाहेर. वरच्या स्वरावर जे अक्षर धरून ठेवायचं ते शक्यतो ‘आ’कारांत असावं, कारण तिथे तोंड उघडं राहतं. ‘ई’ आणि ‘ऊ’ वरच्या पट्टीत चिमटतात. आपल्याकडे ‘भरला’चा ‘ला’ अगदी सोयीच्या जागी आलाय.

शब्द आधी की चाल आधी, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. गीतरामायणात शब्द आधी आले. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला एक नवं गीत, अशी ५६ गीतं झाली. माडगूळकर लिहायचे आणि सुधीर फडके चाल बांधायचे. सिनेमात अनेकदा उलटं होतं: चाल तयार असते आणि गीतकाराला तिच्यावर शब्द बसवावे लागतात. तोवर संगीतकार ‘ला ला ला’ किंवा तोंडाला येतील ते निरर्थक शब्द म्हणतो, त्यांना डमी म्हणतात. नवख्याने दोन्ही एकदम करावं. एक ओळ गुणगुणत बाहेर काढावी आणि ती घट्ट झाली की दुसरीकडे वळावं.

दुसरा अंतरा कशासाठी

पहिल्या अंतऱ्यात गोष्ट सांगून झाली की दुसऱ्यात बहुतेक जण तीच गोष्ट वेगळ्या शब्दांत सांगतात. मला हे गाण्यातलं सगळ्यात अवघड वळण वाटतं. ध्रुवपदाचे शब्द बदलत नाहीत, म्हणून अंतऱ्याने त्यांचा अर्थ बदलायला हवा. आपण खोलीतून निघालो, पण खिळा तिथेच आहे. मग पुढे त्याचं काय होईल?

येइल कोणी दुसरा नंतर
टांगिल छत्री, टांगिल दप्तर
खिळा कुणाचा? त्याचा ठरला
भिंतीवरती खिळाच उरला

पहिल्यांदा ‘खिळाच उरला’ म्हणजे माझं सगळं गेलं. आता त्याचा अर्थ असा की माणसं जातात आणि खिळा राहतो. एक अक्षरही न बदलता. ‘टांगिल’ जरा जुनाट वाटतो, हे खरं. पण ‘टांगेल’ म्हटलं की एक मात्रा वाढते आणि छत्री ठेक्याबाहेर लोंबकळते. इथे मी ठेक्याच्या बाजूने गेलो. कोणी ‘लटकव’ घालून बघितलं तरी माझी हरकत नाही.

तिसरा अंतराही लिहिला होता. त्यात घरमालक होता, डिपॉझिट होतं, एक चांगला विनोदही होता. गाऊन बघितला आणि काढून टाकला, कारण तो संपल्यावर ध्रुवपद पुन्हा पहिल्याच अर्थाने येत होतं.

आता हे कोणाचं?

नवे गीतकार हा प्रश्न फार लवकर तरी विचारतात किंवा फार उशिरा. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात: शब्द ही साहित्यकृती, चाल ही संगीतकृती, आणि ध्वनिमुद्रण तिसरं. तिन्हींचे मालक वेगवेगळे असू शकतात. शब्द कागदावर किंवा फोनमध्ये उतरले की हक्क निर्माण होतो. नोंदणी करता येते, पण सक्तीची नाही. शब्दांचा आणि चालीचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. म्हणून प्रसिद्ध सिनेगीताच्या चालीवर आपले शब्द घातले तर घरच्या हळदीला चालून जाईल, पण ते रेकॉर्ड करून विकलं तर चाल दुसऱ्याची आहे हे विसरता येणार नाही. ओवीच्या किंवा गौळणीच्या पारंपरिक चाली कोणा एकाच्या नाहीत. शिकायला त्या उत्तम.

कोणी निर्मात्याने करार पुढे केला तर २०१२ ची दुरुस्ती लक्षात ठेवा. शब्द-सुरांचे हक्क निर्मात्याला दिले तरी पुढच्या वापराच्या रॉयल्टीतला गीतकाराचा आणि संगीतकाराचा वाटा कायद्याने त्यांच्याकडेच राहतो, तो सही करून सोडता येत नाही. ही रॉयल्टी गोळा करायला आयपीआरएस ही संस्था आहे, १९६९ पासूनची.

पण त्याआधी फोनमधल्या फाइलला नाव द्या. माझ्याकडे ‘नवीन रेकॉर्डिंग ४७’ नावाची एक चाल आहे. ती शोधायला मला प्रत्येक वेळी पहिली ४६ ऐकावी लागतात.